गाडी कोणती, आणि दार कुठे?

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हमखास भेटते. प्लॅस्टिकच्या नळीला बांधलेला छोटा सर्किट बोर्ड, पुढे दोन डोळ्यांसारखा दिसणारा श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक, नऊ व्होल्टची बॅटरी आणि अडथळा आला की वाजणारा बझर. वर पाटी असते: 'अंधांसाठी स्मार्ट काठी'. मुलांनी मन लावून काम केलेले असते, परीक्षक कौतुक करतात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेची मुले तीच काठी घेऊन येतात.

या काठीत तांत्रिक चूक काही नाही. परंतु साध्या पांढऱ्या काठीचे टोक जमिनीवरचा दगड आधीच दाखवते. शिवाय खाली डांबर आहे की माती, पुढे खड्डा आहे की उंचवटा, हेही हाताला कळवते. बझर एवढेच सांगतो की पुढे काहीतरी आहे. श्राव्यातीत ध्वनीची खरी गरज गुडघ्याच्या वरच्या अडथळ्यांसाठी आहे: उभ्या ट्रकचा उघडा फाळका, रस्त्यावर आलेली फांदी, बाहेर उघडणारी खिडकी. काठीचे टोक अशा वस्तूच्या खालून निघून जाते आणि मार कपाळाला बसतो. आयआयटी दिल्लीच्या प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या गटाने २०१४ मध्ये 'स्मार्टकेन' बाजारात आणली, ती नेमकी याच कामासाठी. आपल्या प्रदर्शनांतल्या बहुतेक काठ्यांचा संवेदक मात्र खाली जमिनीकडे तोंड करून असतो. मुलांनी संवेदक कसा चालतो हे वाचले, पण काठी वापरणाऱ्या माणसाशी ती बोलली नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

रोज बाहेर पडणाऱ्या अंध माणसाशी बोललात तर बोलणे काठीवर फार रेंगाळत नाही. ते बसवर येते. म्हणून या लेखात काठी बाजूला ठेवून बसचा विचार करू. दृष्टिहीन प्रवाशांसाठी आतापर्यंत जी साधने निघाली, ती आपल्या एसटीच्या थांब्यावर कितपत उपयोगी पडतील, हे तपासायचे आहे.

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा या गावातून नारायणगावमार्गे पुण्याला शिकायला जाणारी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. विद्यार्थिनी काल्पनिक आहे, अडचणी मात्र काल्पनिक नाहीत. घरापासून थांब्यापर्यंत तिला कोणाची गरज पडत नाही. वाट पायांना पाठ असते. उतार कुठे संपतो, पिठाची गिरणी कोणत्या बाजूला घरघरते, चहाच्या टपरीचा वास कुठून सुरू होतो, या तिच्या खुणा आहेत. इंजिनाच्या आवाजावरून ट्रक, ट्रॅक्टर आणि एसटी यांतला फरकही तिला कळतो. एसटी आली हे समजते. ती कुठली, हे समजत नाही. पाटी कपाळावर आहे, तिला आवाज नाही. थांब्यावर कोणी असेल तर विचारता येते. सकाळच्या पहिल्या गाडीला कोणी असेलच असे नाही. त्यातून थांब्याच्या जागेवर टोमॅटोचे क्रेट भरणारी पिकअप उभी असली की गाडी वीस पावले पुढे जाऊन थांबते. आता दार कुठे आहे? पुढे आहे की मागे? ड्रायव्हर किती वेळ थांबेल?

म्हणजे प्रश्न तीन आहेत. गाडी कोणती, दार कुठे, आणि उतरायचे कुठे. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही. 'थोडे पुढे, जरा डावीकडे' हे वाक्य पुरे होईपर्यंत गाडी सुटते. दुसऱ्या प्रश्नाला शब्द नको असतात, दिशा हवी असते. साधनांचे परीक्षण करताना हा भेद फार उपयोगी पडतो, कारण बहुसंख्य साधने पहिला प्रश्न सोडवून थांबतात आणि तिन्ही सुटल्याचा आव आणतात.

कंडक्टरचा आवाज

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून कित्येक वर्षे या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच माणूस देत आला. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतो, 'चला मंचर, राजगुरूनगर, पुणे!' या ओरडण्याकडे विज्ञानाच्या शिक्षकाने नीट पाहावे. त्यात गाडीचे नाव आहे, कोणत्या मार्गाने जाणार तेही आहे, आणि तो आवाज दारातूनच येत असल्यामुळे दाराची दिशाही आहे. एक घंटी थांबण्यासाठी, दोन चालण्यासाठी, यावरून गाडी सुटणार की नाही हेही ऐकू येते. 'नारायणगाव आलं की सांगा' म्हटले की तिसराही प्रश्न सुटतो. अंध प्रवाशासाठी मुद्दाम बनवलेली नसताना इतकी पूर्ण अशी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही.

पण ती माणसाच्या मर्जीवर चालते. गर्दीत कंडक्टर आत तिकिटे फाडत असतो, दारापाशी नसतो. काही लांब पल्ल्याच्या गाड्या विनावाहक झाल्या, तिथे तो आवाज गेलाच. मार्गही बदलले. पुणे-नाशिक रस्त्यावर बाह्यवळण रस्ते झाल्यापासून 'ही पुण्याची गाडी आहे का' एवढे विचारून भागत नाही. 'गावातून जाणार की बायपासने' हेही विचारावे लागते. पुण्यात उतरल्यावरचा अनुभवही पाहा. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक डिसेंबर २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. डोळस प्रवाशाला त्याचा एक दिवस त्रास झाला. ज्याने कित्येक महिने पावले मोजून शिवाजीनगरचा नकाशा डोक्यात बसवला होता, त्याचा तो नकाशा एका रात्रीत निकामी झाला.

फरशी, पीप-पीप आणि मोबाईल

रेल्वे आणि मेट्रोच्या स्थानकांवर पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्या सर्वांनी पाहिल्या असतील. त्या शोभेसाठी आहेत असा अनेकांचा समज असतो. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये तयार केल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा किंवा सावध व्हा. पायांना वाचता येणारी ही लिपी सुंदर आहे. तिची मर्यादा मात्र उघड आहे. फरशी स्थिर जागेकडे नेते. मेट्रोचे दार फलाटावर ठरल्या जागी येते, म्हणून तिथे ती चालते. एसटीचे दार ठरल्या जागी येत नाही. आपल्याकडे तर पदपथावरची अशी वाट कधी थेट विजेच्या खांबावर, कधी झाडाच्या बुंध्यावर जाऊन संपते. बसवणाऱ्याने तिला नक्षी समजले की असेच होणार. निमगाव सावासारख्या गावी मुळात पदपथच नसतो, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

मुंबईच्या उपनगरी गाडीत दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो. तो फलाटावर जिथे थांबतो, त्या जागी एक यंत्र पीप-पीप असा आवाज करत असते. इतके साधे साधन क्वचित सापडेल. प्रवाशाजवळ काहीच असावे लागत नाही, काही चार्ज करावे लागत नाही, शिकावेही लागत नाही. आवाजाच्या रोखाने जायचे आणि उभे राहायचे. दुसऱ्या प्रश्नाचे हे नेमके उत्तर आहे. नंतर निघालेल्या कितीतरी महागड्या साधनांना ही गोष्ट सुचली नाही. अर्थात तेही चालते ते लोकल दर वेळी जवळजवळ त्याच जागी थांबते म्हणून.

आता मोबाईल. बोलणारा मोबाईल अंध माणसाच्या हाती आला, ही फार मोठी घटना आहे आणि तिच्याबद्दल नाक मुरडण्याचा माझा हेतू नाही. उपग्रहांच्या साहाय्याने आपण कुठे आहोत हे तो सांगतो. अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाला सुमारे १०० मीटरपर्यंतची चूक सोसावी लागे. आता उघड्या आकाशाखाली ती पाच मीटरांच्या आसपास असते. तिसऱ्या प्रश्नाला हे पुरेसे आहे. चालत्या गाडीत 'नारायणगाव दोन किलोमीटर' असे कानात ऐकू आले की सावरून बसता येते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते अजिबात पुरत नाही. गावच्या रस्त्यावर पाच मीटरची चूक म्हणजे रस्त्याची पलीकडची बाजू. बसचे दार तर मीटरभर रुंद. शिवाय कानात इअरफोन घातला की त्या माणसाचे सर्वांत चांगले उपकरण, म्हणजे त्याचा कान, अर्धा बंद होतो. एसटी महामंडळाने गाड्यांवर उपग्रहाधारित यंत्रे बसवायला २०१९ मध्ये सुरुवात केली. त्यातून मिळणारी माहिती स्थानकातल्या पडद्यावर झळकवली, तर ती पुन्हा डोळ्यांसाठीच झाली. तीच माहिती ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवायला वेगळा शोध लागत नाही.

दिल्लीचे यंत्र आणि प्रागचे यंत्र

या सर्वांत विचारपूर्वक बनवलेले मला जे वाटते, ते आयआयटी दिल्लीच्या त्याच गटाचे 'ऑनबोर्ड'. मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर त्याची चाचणी झाली. त्याचे दोन भाग आहेत. एक प्रवाशाच्या हातात, दुसरा बसच्या दाराजवळ. बस आल्याचे कळले की प्रवासी बटण दाबतो. जवळपासच्या सर्व बसगाड्यांतील यंत्रे रेडिओलहरींनी आपापले मार्ग क्रमांक पाठवतात आणि हातातले यंत्र ते वाचून दाखवते. हवा तो क्रमांक निवडला की त्याच बसच्या दाराजवळचा ध्वनिक्षेपक वाजू लागतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर हातात आणि दुसऱ्याचे उत्तर दारातून. कंडक्टरच्या आवाजातले मर्म या यंत्राने ओळखले आहे. मागितल्याशिवाय ते बोलत नाही, त्यामुळे वीस गाड्या एकदम ओरडत असल्याचा गोंगाटही होत नाही. शहरासाठी ही रचना उत्तम आहे असे माझे मत आहे.

गावच्या थांब्यावर मात्र ती अपुरी पडते, आणि का अपुरी पडते हे नववीच्या गतीच्या समीकरणांनी दाखवता येते. शहरातल्या थांब्यावर बस बहुधा थांबतेच. गावच्या फाट्यावर हात केला तर थांबते. समजा, यंत्राचा टप्पा ४० मीटर आहे आणि गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने येत आहे. बटण दाबणे, नाव ऐकणे, निवडणे, या सर्वांसाठी चार सेकंद मिळतात. नंतर गाडी पुढे गेलेली असते. उभे प्रवासी पडू नयेत म्हणून ड्रायव्हर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद इतक्या मंदनाने ब्रेक लावतो असे धरू. थांबायला लागणारे अंतर वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, म्हणजे १०० भागिले ३, सुमारे ३३ मीटर. त्यात ड्रायव्हरच्या प्रतिसादाचा एक सेकंद, म्हणजे आणखी १० मीटर. एकूण ४३ मीटर झाले, आणि अजून प्रवाशाने बटणही दाबलेले नाही. हायवेवरच्या फाट्याला ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर हेच अंतर ११० मीटरच्या आसपास जाते. तेव्हा आपल्याकडे टप्पा निदान २०० मीटरचा हवा, आणि संदेश प्रवाशापेक्षाही आधी ड्रायव्हरला मिळायला हवा.

ही दुसरी गोष्ट चेक प्रजासत्ताकात केलेली आहे. प्राग आणि इतर शहरांतल्या अंध प्रवाशांकडे सहा बटणांचा छोटा प्रेषक असतो. एक बटण दाबले की ट्राम किंवा बस बाहेरच्या ध्वनिक्षेपकावरून आपला क्रमांक आणि दिशा बोलते. दुसरे दाबले की चालकाला सूचना जाते: अंध प्रवासी चढणार आहे. या दुसऱ्या बटणाला मी सर्वांत जास्त गुण देईन. बाकीची बरीच साधने अंध माणसाला जगाची माहिती देतात. हे बटण जगाला अंध माणसाची माहिती देते, आणि गाडी थांबवणे ही अखेर ड्रायव्हरच्या हातातली गोष्ट आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा लागेल. बेस्टच्या बसला क्रमांक आहेत. आपल्या ग्रामीण एसटीला प्रवासी क्रमांकाने ओळखत नाहीत, गावांच्या नावांनी ओळखतात. यंत्राने 'नारायणगाव' म्हणायला हवे, आणि कोणत्या गावावरून जाणार हेही म्हणायला हवे. तेवढे बोलायचे तर फाट्यावर ते मोठ्याने, न मागताच बोलले तरी काय बिघडले? स्थानकात गोंगाट होईल हे खरे. फाट्यावर एका वेळी एकच गाडी येते. तिथे दार उघडताच गाडीने आपले नाव घेतले, तर मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, पाटी वाचता न येणाऱ्या बाईला आणि पावसात चष्मा भिजलेल्या मास्तरांनाही ते हवेच आहे. प्रत्येक अंध माणसाने यंत्र विकत घ्यावे, चार्ज करावे, सांभाळावे, ही अट त्यामुळे उरत नाही. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व नोंदवलेल्या व्यक्ती देशात सुमारे ५० लाख होत्या. त्यांतल्या किती जणांच्या हातात यंत्र पोचेल, याचा विचार यंत्राची रचना करतानाच व्हावा.

कोणता आवाज?

आता वर्गात करून पाहण्यासारखा भाग. आवाज कुठून आला हे आपल्याला कसे कळते? आपले कान साधारण १८ सेंटिमीटर अंतरावर आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात नंतर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर हा फरक जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदाच्या थोडा पुढे जातो. मेंदू तो ओळखतो. मीटरभर लांब रबरी नळी घ्या, तिची दोन टोके विद्यार्थ्याच्या दोन्ही कानांशी धरा, मध्यबिंदूवर पेन्सिलीने खूण करा. नळी त्याच्या पाठीमागून गेली पाहिजे. मध्यावर टिचकी मारली की आवाज मधोमध वाटतो. एक-दोन सेंटिमीटर बाजूला मारली की तो 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' म्हणू लागतो. एक सेंटिमीटर सरकले म्हणजे दोन मार्गांत दोन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग. विद्यार्थ्यांना हे स्वतः केल्याशिवाय खरे वाटत नाही.

कमी वारंवारितेच्या ध्वनीत मेंदू हा वेळेचा फरक वापरतो. जास्त वारंवारितेच्या ध्वनीला डोके आडवे येते, पलीकडच्या कानावर सावली पडते आणि आवाजाच्या तीव्रतेचा फरक उपयोगी पडतो. मधल्या पट्टीत, सुमारे १५०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान, दोन्ही युक्त्या कमजोर होतात. शुद्ध एकसुरी स्वर त्या पट्टीत असला तर तो कुठून येतो हे सांगणे फार अवघड जाते. आणि बाजारात मिळणारे स्वस्त बझर बहुधा २००० ते ४००० हर्ट्झच्या घरात वाजतात! म्हणजे दिशा दाखवण्यासाठी आपण हौसेने निवडतो तो आवाज, दिशा दाखवायला जवळजवळ सर्वांत नालायक. अनेक वारंवारिता एकत्र असलेला आवाज, म्हणजे टाळी, किल्ल्यांचा खुळखुळाट, 'श्श्श' असा फुत्कार किंवा माणसाचे बोलणे, मेंदूला दोन्ही युक्त्या एकदम वापरू देतो. तुटक आवाज अखंड आवाजापेक्षा बरा, कारण प्रत्येक सुरुवातीला वेळेचा फरक नव्याने मोजता येतो. प्रयोगशाळेच्या शांततेत, अशा आवाजाचा उगम समोर असेल तर माणूस जवळपास एक अंशापर्यंत दिशा ओळखतो. रस्त्यावर पाच अंशांची चूक धरली तरी दहा मीटरवर ती ८७ सेंटिमीटर भरते. बसच्या दाराएवढी. उपग्रहाला जे जमत नाही ते कानाला जमते, मात्र त्याला योग्य आवाज द्यायला हवा. कंडक्टरची आरोळी पुन्हा आठवा.

मैदानावर डोळे बांधलेल्या विद्यार्थ्याला वीस पावलांवरून आधी मोबाईलमधला एकसुरी स्वर ऐकवा, मग तेवढ्याच जोराने स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवा, आणि तो कुठे पोचतो ते खडूने आखा. दहा-पंधरा विद्यार्थ्यांच्या नोंदी झाल्या की सरासरी चूक काढता येईल. एक सावधगिरी: या खेळाने 'अंध असणे कसे वाटते' ते कळते असे मुलांना सांगू नका. नुकतेच डोळे बांधलेला मुलगा आणि वीस वर्षे काठीने चालणारा माणूस यांत फार अंतर आहे. येथे आपण फक्त आवाज तपासतो आहोत.

विजेवर चालणाऱ्या एसटी गाड्यांच्या संदर्भातही हाच प्रश्न पुढे येतो. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावरच 'शिवाई' सुरू झाली. ताशी वीस किलोमीटरच्या खाली अशी गाडी जवळजवळ निःशब्द असते, टायरचा आवाजही होत नाही. युरोपात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या विद्युत वाहनांना कमी वेगात कृत्रिम आवाज करण्याची सक्ती आहे. ध्वनिप्रदूषण कमी झाले म्हणून आनंद मानणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सक्ती चमत्कारिक वाटते, पण थांब्यावर कान देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहावे.

कायद्याच्या बाजूने परिस्थिती पूर्वीइतकी लंगडी नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे एकाच थांब्यावर अनेक मार्गांच्या गाड्या येत असतील, तर अंध प्रवाशाला आपली गाडी ओळखता येईल अशी सोय करणे वाहतूक संस्थेवर बंधनकारक आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे ४१ वे कलम वाहतुकीच्या सुगमतेविषयी आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सुगम करण्याविषयी निर्देश दिले. ते पुरेसे पाळले गेले नाहीत, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की सुगमतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, काही किमान निकष सक्तीचे हवेत. मात्र बसने बाहेर बोलावे की आत, कोणत्या आवाजात, दाराजवळून की टपावरून, हे ठरवताना कोणाला विचारणार? आत बोलणारी गाडी आणि बाहेर बोलणारी गाडी यांत केवढा फरक आहे, हे पाटी वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

शेवटी एक स्थानिक गोष्ट, कारण ती फक्त याच परिसराला लागू आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि आता ती साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपते. तिच्याजवळ गेल्यावर मोबाईल बंद ठेवायला सांगतात ते उगीच नव्हे. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपल्या खिशातले यंत्र त्यांच्यापुढे ढोल वाजवल्यासारखे असते. छोट्या रेडिओ यंत्रांत जगभर सर्रास वापरली जाणारी ४३३ मेगाहर्ट्झची वारंवारिता या दुर्बिणीच्या २५० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बरोबर मध्ये येते. जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक एसटीवर असे यंत्र बसवले तर खगोलशास्त्रज्ञ हात जोडतील. ब्लूटूथची २४०० मेगाहर्ट्झची पट्टी दुर्बिणीच्या पल्ल्याबाहेर आहे, पण साध्या ब्लूटूथला २०० मीटरचा टप्पा गाठणे कठीण. दार उघडले की बोलणारा ध्वनिक्षेपक मात्र एकही रेडिओलहर सोडत नाही. दाराच्या बिजागरीला एक कळ, एक ध्वनिमुद्रित वाक्य, दाराच्या वर एक स्पीकर. ड्रायव्हरला आधी कळवण्याचा प्रश्न यातून सुटत नाही, तो वेगळा सोडवावा लागेल.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळा आपापल्या प्रतिकृती घेऊन तिथे जातात. आपल्या शाळेची मुले या वर्षीही स्मार्ट काठी करणार असतील, तर त्यांना आधी एखाद्या अंध प्रवाशाबरोबर सकाळच्या पहिल्या एसटीला पाठवा. त्यांनी त्याचा हात धरायचा नाही, विचारल्याशिवाय मदत करायची नाही. गाडी थांब्यापासून किती पावलांवर थांबली, नाव कोणी सांगितले, दार सापडायला किती सेकंद लागले, एवढे वहीत लिहून आणायचे. एका आठवड्याच्या अशा नोंदी प्रतिकृतीशेजारी टांगल्या की परीक्षकांनाही विचारायला काहीतरी मिळेल.